तांदूळ बसले की टॉप पडतो

शनिवार, ११ जानेवारी

बर्फ नाही. अर्ध्या वाटेवरून परत!

पहाटे निघालो होतो पाचजण — मुलगा निमिष, सूनबाई ऋता, नात आन्या, बायको शैला आणि मी. अमेरिकेतल्या निमिषच्या चँडलरहून डोंगरातलं फ्लॅगस्टाफ, तीन तासांचा रस्ता. इथं खाली वाळवंट, माणसाच्या दुप्पट उंचीचे निवडुंग, भर जानेवारीत अर्ध्या बाह्यांचा शर्ट — आणि वर गेलं की म्हणे गुडघाभर बर्फ. शैलानं आयुष्यात बर्फ पाहिला तो रसवंतीत, गोणपाटात गुंडाळलेला. फलटणहून निघतानाच तिनं सांगून ठेवलंय, मला बाकी काही दाखवू नका, आकाशातून पडणारा बर्फ तेवढा दाखवा.

गाडी जुनी, २००२ सालची. इथल्या मराठी मंडळातले चंद्रशेखर काका मुलीकडे राहायला गेले तेव्हा निमिषनं त्यांच्याकडून घेतली. लांबरुंद आहे. निमिषच्या छोट्या गाडीत पाचजण मावत नाहीत, म्हणून कुठं सगळ्यांनी जायचं तर हीच.

शहर संपलं, चढ लागला आणि इंजिन ओरडायला लागलं. चढाला गाडी खालच्या गिअरवर येणार, हे मी समजू शकतो. पण पुढं सपाटी आली तरी टॉप गिअर पडेना! पासष्ट मैलांचा वेग आणि इंजिनाचा काटा चार हजारावर. सगळा डबा थरथरतोय. निमिषनं बाजूला घेऊन बंद केली, पाच मिनिटांनी चालू केली — एकदम शहाणी. दहा मैलांनी पुन्हा तेच. मग तो म्हणाला, रिस्क नको, आणि वळवली.

घरी आल्यावर शैलानं बर्फासाठी घेतलेले हातमोजे घडी घालून पिशवीत ठेवले. मला तेच जास्त लागलं.

रविवार, १२ जानेवारी

निमिषनं कागदावर चित्र काढून समजावलं. गाडीला चार गिअर, ते गाडी आपले आपण बदलते, क्लच नाही. चौथा म्हणजे ओव्हरड्राइव्ह — त्यात चाकं जोरात आणि इंजिन निवांत. तो पडत नाही म्हणून इंजिन ओरडतंय. म्हटलं, अरे, हा तर आपला टॉप! त्याला एवढं चित्र कशाला? एकतीस वर्षं एसटी चालवली, फलटण डेपो, पोलादपूरचा घाट डोळे मिटून उतरेन, आणि हा मला टॉप शिकवतोय. पण चित्र छान काढलं होतं. वहीत ठेवलंय.

हा चिप तपासणारा इंजिनिअर. बिघडलेली चिप का बिघडली, हे शोधायचं काम. लहानपणी घरातलं घड्याळ उघडायचा तेव्हा मी कानफटात मारली होती. आता त्याच कामाचा पगार घेतो.

दुपारी गिअरबॉक्सचं ऑइल बघितलं. मी म्हटलं, इंजिन बंद कर. तो म्हणाला, ह्याचं चालू ठेवूनच बघतात. वाद. गाडीची पुस्तिका काढली — तो बरोबर निघाला. मग मी काठीवरचं ऑइल बोटावर घेतलं, वास घेतला. लाल, स्वच्छ, जळका वास नाही. म्हणजे आत काही जळालेलं नाही. हे सांगितलं तर त्यानं वहीत लिहून घेतलं! दिवस कारणी लागला.

शैलानं इथंही पलंगावर माझ्याशी जागा बदलून घेतली. म्हणे खिडकीचा वारा लागतो. फलटणला पंख्याचा वारा लागत होता. जगात वाऱ्याला दुसरं कोणी सापडत नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. शैलानं तिळगूळ केला, आन्यानं तीळ तेवढे वेचून बाजूला काढले. ऋता जुनी गाडी घेऊन ऑफिसला गेली आणि आली. म्हणाली, फ्रीवेवर मस्त चालली, काही प्रॉब्लेमच नाही. आता बोला!

सणाचा दिवस आहे, तर जे कुणाला सांगितलेलं नाही ते इथं लिहून टाकतो.

माझा डावा कान गेलाय. आमच्या जुन्या गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, पत्र्याच्या झाकणाखाली. एकतीस वर्षं तो कान त्याला लावून बसलो. रिटायर झाल्यावर एकदा फोन डाव्या कानाला लावला आणि वाटलं, फोनच बिघडला. उजवा ठणठणीत आहे. पण फलटणला मी शाळेची बस चालवतो, चाळीस मुलं. दर जूनला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. डॉक्टर विचारतात, ऐकू येतं ना? मी म्हणतो, येतं. झाली तपासणी! ते माझ्या उजवीकडे बसतात, हे माझं नशीब. हे बाहेर पडलं की स्टिअरिंग सुटलं. आणि स्टिअरिंग सुटल्यावर मी सकाळी उठून करणार काय?

तिकडं निभावून नेलंय. इथं पंचाईत — इथं ड्रायव्हर डावीकडे बसतो! निमिष चालवतो, मी शेजारी, म्हणजे बहिरा कान नेमका त्याच्याकडे. तो काहीतरी बोलतो, मी 'हो हो' म्हणतो. मागून शैला मोठ्यानं, 'अहो, तो विचारतोय एसी कमी करू का.' हिला मध्ये पडायची सवयच. अंगणवाडीची नोकरी संपायला चार वर्षं होती, ती सोडली आणि दोन वर्षांपूर्वी माझ्याच बसवर मदतनीस म्हणून लागली. हट्टानं! दिवसभर दारात उभी — डावीकडून रिक्षा, डावीकडं सायकल. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळालेल्या ड्रायव्हरला! अजून पाळत ठेवायची हौस फिटली नाही, दुसरं काय.

शनिवार, १८ जानेवारी

मंडळाचा तिळगूळ. सगळे मिळून गेलो. फ्रीवेवर पुन्हा टॉप नाही. परत येतानाही नाही. गोड बोलून काही उपयोग नाही, गाडीला मराठी येत नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

निमिष गाडी रामोनकडे घेऊन गेला, मीही बरोबर. पण मी मागून, ऋताच्या शेजारी, छोट्या गाडीत. रामोन मेकॅनिक, मेक्सिकोचा, माझ्याच वयाचा. त्याला मराठी नाही, मला स्पॅनिश नाही, इंग्रजी दोघांचंही बेताचं. त्यानं बॉनेटवर हात ठेवला, मी मान डोलावली. चांगला माणूस.

त्यानं यंत्र लावलं. गाडीच्या पोटात बिघाडाची नोंद असते म्हणे — काही नाही, कोरी पाटी. वायरी हलवून बघितल्या, वेगाचा सेन्सर बघितला. मग निमिषला शेजारी बसवून फ्रीवेवर चक्कर मारली. टॉप असा पडला म्हणे की कळलंसुद्धा नाही. बायकोनं डॉक्टरकडं न्यावं आणि नवऱ्याचं दुखणं दारातच थांबावं, तसं झालं.

चंद्रशेखर काकांनी काट्यांच्या खालच्या दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावून ठेवलीय. रामोननं विचारलं, हे काय? निमिष म्हणाला, आधीच्या मालकाची आहे, तिथला एक दिवा उगाच लागायचा, त्यांना त्याचा राग यायचा. रामोन हसला आणि पट्टी तिथंच राहिली.

म्हणाला, पुन्हा झालं तर गिअरबॉक्स खोलावा लागेल.

शनिवार, २५ जानेवारी

निमिषनं तक्ता केलाय. हवेचं तापमान, पेट्रोल किती, चढ किती, गाडीत कोण कोण. मी म्हटलं, राशी पण लिही.

पण तक्त्यातून एक निघालं. ऋता एकटी — टॉप पडतो. निमिष एकटा — पडतो. पाचही जण — पडत नाही. म्हणजे वजन! आज पद्धतशीर तपासणी. आधी पाचजण फ्रीवेवर, वीस मैल. नाही पडला. मग एकेकाला घरी ठेवून. शैला घरी — नाही पडला. आन्या आणि ऋता घरी — नाही. मी घरी — पडला!

बाप लेकाकडं बघतोय, लेक बापाकडं. 'बाबा, इट्स यू,' निमिष म्हणाला, आणि ऋता हसून हसून पायरीवर बसली. माझं वजन ब्याऐंशी किलो. एसटीनं कधी तक्रार केली नाही.

रविवार, २६ जानेवारी

आज प्रजासत्ताक दिन आणि माझा तांदळाकडून पराभव.

मंडळाच्या जेवणाचा तांदूळ ऋताकडं ठेवलेला असतो. वीस-वीस पौंडाच्या नऊ पिशव्या, म्हणजे मोजून मी. निमिषनं त्या पुढच्या सीटवर, माझ्या जागी रचल्या. पट्टा लावला, नाहीतर गाडी टुंग टुंग करते. आन्यानं वरच्या पिशवीला माझी टोपी घातली. मग शैला, ऋता, आन्या मागं, निमिष चालवायला, आणि माझ्या जागी मंडळाचा कोलम. मी फाटकात उभा राहून हात हलवला.

अर्ध्या तासानं परत आले. टॉप पडला. वीसच्या वीस मैल!

म्हणजे वजन नव्हे. तांदूळ बसला तर चालतं, मी बसलो तर नाही. निमिष तक्त्यासमोर तासभर डोकं धरून बसला होता. शैला म्हणाली, तांदूळ शेजारी बसून सूचना तरी करत नाही. सगळे हसले, आणि मलाही हसू आलं.

बुधवार, २९ जानेवारी

जेवताना मी म्हटलं, मग सरळ आहे. मी घरी थांबतो, तुम्ही चौघं जाऊन बर्फ बघून या. मी काय, फोटो बघेन.

शैला म्हणाली, 'तुम्ही नाही तर मी पण नाही.' आणि आमटी वाढायला लागली. ती एकदा असं म्हणाली की विषय संपतो, हे मला चाळीस वर्षांचं माहीत आहे. म्हणजे आता तिचा बर्फ माझ्यामुळं अडला. बावीस फेब्रुवारीचं परतीचं विमान.

शुक्रवार, ३१ जानेवारी

सापडलं!! आणि सापडलं नसतं तर बरं, असंही वाटतंय.

सकाळी सगळे कामाला, शैला आन्याला शाळेत सोडायला. मी गॅरेजमध्ये गेलो आणि गाडीत माझ्या जागेवर जाऊन बसलो. तांदूळ करत नाही असं मी काय करतो? डोळे मिटले. म्हटलं, समज चढ लागला. समज पोलादपूरचा घाट आहे, मागं पन्नास माणसं. इंजिन दमलंय, वळण येतंय —

डोळे उघडले तर डावा हात गिअरच्या दांड्यावर!

मी ठेवला नव्हता. आपला आपण गेला. एकतीस वर्षं ड्रायव्हरच्या सीटवर माझ्या डाव्या हाताला गिअर होता. इथं मी शेजारी बसतो तरी गिअर डाव्या हातालाच येतो! हाताला काय माहीत, तो अमेरिकेत आहे ते. बोटं दांड्याच्या पलीकडं वळलेली, आणि पलीकडच्या अंगाला, ड्रायव्हरच्या बाजूला, वाटाण्याएवढं एक बटण. माझ्या जागेवरून ते दिसतसुद्धा नाही.

स्वयंपाकघरातली किल्ली आणली, इंजिन सुरू न करता नुसती फिरवली. काकांची चिकटपट्टी नखानं सोलली. बटण दाबलं — पिवळा दिवा लागला. अक्षरं लावून वाचली. ओ, डी, ऑफ — म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद. पुन्हा दाबलं — गेला. दिवा लावून किल्ली बंद केली, चालू केली — दिवा नाही. म्हणजे गाडी बंद केली की सगळं पुसून जातं. म्हणून थांबून चालू केली की शहाणी! म्हणून रामोनला सापडलं नाही! टॉप मीच बंद करत होतो. चढ आला किंवा वेग वाढला की माझा हात मदतीला जायचा, आणि बोटं आवळली की टॉप रद्द.

इतका आनंद झाला की गाडीत एकटाच ओरडलो.

मग आठवलं. पहिल्या दिवशी, विमानतळावरून येताना, निमिष दांड्याकडं बोट करून काहीतरी म्हणाला होता. आणि मी म्हणालो होतो — हो हो.

चिकटपट्टी होती तशी लावून ठेवली.

शनिवार, १ फेब्रुवारी

आज फ्रीवेवर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. चाळीस मैल टॉप. मला वाटलं, सुटलो. कुणाला काही सांगायला नको, गाडी आपोआप बरी झाली!

पण पोरगा माझा आहे. म्हणाला, 'बाबा, कारण सापडलं नाही म्हणजे प्रॉब्लेम गेला नाही. लपलाय. असल्या गाडीत मी आन्याला घेऊन घाट चढणार नाही.' मंगळवारी गाडी रामोनकडं द्यायची, गिअरबॉक्स खोलायचा. दोन आठवडे लागतील. म्हणजे बर्फ गेला तो गेलाच.

ठणठणीत गिअरबॉक्स खोलणार! माझ्या बोटापायी! ज्या मुलाला मी घड्याळ उघडलं म्हणून मारलं, तो आज कारण शोधतोय आणि मी ते मांडीखाली दाबून बसलोय. जेवण गेलं नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

सांगितलं. अर्धं.

सकाळी निमिषला गॅरेजमध्ये नेलं, पट्टी काढून दिवा दाखवला, हात दाखवला. तो आधी बटणाकडं, मग माझ्या हाताकडं बघत राहिला आणि जो हसला! तक्ता आणून त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं — कारण: बाबांचा डावा हात. मग म्हणाला, 'पण पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना तुम्हाला? तिथं बटण आहे, हात ठेवू नका म्हणून. तुम्ही हो हो म्हणालात.'

'विसरलो,' म्हटलं.

बस, एवढंच. सगळ्यांनी मान्य केलं. वय झालं, माणूस विसरतो. गिअरबॉक्सचं रद्द. पुढच्या शनिवारी आन्याच्या शाळेचं काहीतरी आहे, त्यामुळं पंधरा तारखेला बर्फ. शैलानं हातमोजे काढून गादीवर मांडले. दुपारी मंडळातल्या तिघांचे फोन — तांदळाची गोष्ट तिथवर पोचलीय. मी पण हसून सांगितली.

सगळं निभावलं. तरी 'विसरलो' हा शब्द दातात सुपारी अडकावी तसा दिवसभर अडकलाय.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज वाईट झालं.

संध्याकाळी अंगणात लिंबाच्या झाडाखाली बसलो होतो. आन्या डावीकडं येऊन बसली, गळ्यात हात घातला आणि कानाशी लागून काहीतरी पुटपुटली. गुपित असेल. मी आपला हसून 'हो हो, हो बाळा.' ती एकदम आत पळाली. पाच मिनिटांनी बघतो तर आईच्या पदराआड हुंदके. पदर म्हणजे ऋताच्या टी-शर्टाचं टोक.

तिनं विचारलं होतं, 'आजोबा, आर यू गोइंग अवे टुमॉरो?' आणि आजोबा हसत हो म्हणाले.

समजूत काढली, खांद्यावर घेतलं, आइस्क्रीम झालं. पाच वर्षांची, तिला दहा मिनिटांत विसर पडला. मला पडत नाही. समजा उद्या बसमध्ये एखादं पोर डावीकडून म्हणालं, ड्रायव्हरकाका, दार उघडं आहे. समजा म्हणालं, माझं दप्तर चाकाखाली गेलंय, मी उतरतोय. मी काय म्हणेन? हो हो.

बिल्ला मिळाला तो दोन्ही कानांना मिळाला होता.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

जेवताना सांगून टाकलं. विसरलो नव्हतो, ऐकूच आलं नव्हतं. डावा कान गेलाय, चार वर्षं झाली. डॉक्टरला खोटं सांगतो. शाळेला खोटं सांगतो. एका दमात बोललो, ताटाकडं बघून.

वाटलं, आता निमिष चिडणार. तो उठला, माझ्या डावीकडची खुर्ची उचलली, उजवीकडं आणून ठेवली आणि तिच्यावर बसून पुन्हा जेवायला लागला. मग म्हणाला, मला वाटायचं तुम्ही रागावून बोलत नाही. डोळ्यात पाणी होतं त्याच्या, माझ्याही. ऋतानं फोन काढून कानाच्या डॉक्टरची वेळसुद्धा घेतली, बुधवारची. ही पिढी रडायला वेळ लावत नाही आणि अपॉइंटमेंटलाही नाही.

शैला पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं नाही. एवढी मोठी गोष्ट सांगितली तर निदान मागं वळून तरी बघावं!

बुधवार, १२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मशीन लावून थोडा फरक पडेल, पहिल्यासारखा कान होणार नाही. चला, नक्की काय ते तरी कळलं. येताना मी निमिषच्या मागच्या सीटवर बसलो. उजवा कान गाडीच्या आत. सगळं ऐकू आलं! एवढं बोलतात हे लोक?

शनिवार, १५ फेब्रुवारी

पडला! टॉपही आणि बर्फही!

शैला पुढं, माझ्या जागी. मी मागं. ती मांडीवर हात ठेवून अगदी तांदळासारखी बसली होती. शहर संपलं, चढ लागला, गाडी खालच्या गिअरवर आली, माथ्यावर सपाटी मिळाली आणि — पायाखालची थरथर हलकेच निवली. टॉप. निमिषनं आरशातून माझ्याकडं बघितलं. मी बोटं वर करून दाखवली, दोन्ही हातांची.

वर देवदारासारखी उंच झाडं, आणि दुपारी एकच्या सुमाराला भुरभुर सुरू झाली. आधी वाटलं, कुणीतरी रांगोळी चाळतंय. शैला गाडीतून उतरली, हातमोजे काढले — घालायला आणलेले काढले! — आणि उघडे तळहात पुढं करून उभी राहिली. साठ वर्षांची बाई, नाकावर बर्फ, तोंड आन्यासारखं. मी तिच्याकडंच बघत राहिलो, बर्फ राहूनच गेला बघायचा.

एक लक्षात आलं. बर्फ पडताना आवाजच होत नाही. तिथं सगळ्यांना माझ्याइतकंच ऐकू येत होतं.

उतरताना मोठा उतार लागला तेव्हा निमिषनं विचारलं, 'बाबा, काय करू?' म्हटलं, आता दाब ते बटण. घाट उतरताना टॉप नको, गाडी इंजिनावर धरायची. त्यानं दाबलं. पिवळा दिवा लागला, इंजिन गुरगुरलं आणि गाडी कशी संथ, अंगावर न येता उतरली. बापाचं लेकानं ऐकलं आणि लेकाचं बापालाही ऐकू आलं, असा दिवस फार वर्षांनी आला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

संध्याकाळी शाळेला फोन केला, तिकडं सकाळ. सगळं खरं सांगितलं आणि बस सोडली.

मग शैलाला म्हटलं, माझं संपलं, पण तुझी नोकरी आहे तशी राहील. नवा ड्रायव्हर येईल, त्याच्याबरोबर जा.

ती हातमोजे बॅगेत भरत होती. वर न बघता म्हणाली, 'मी कशाला जाऊ? त्याचे दोन्ही कान चांगले असतील.'